पोहता येत नाही, बेटावर एकच मोकळा दिवस आहे. स्नॉर्केलिंग करावं का?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. (स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीतून श्वास घेत, पाण्यावर पालथं तरंगून खालचं बघणं.) तुम्ही ऐरोलीचे. फेब्रुवारीत सहा दिवस अंदमानला जाताय आणि त्यातला एक अख्खा दिवस नील बेटासाठी, म्हणजे आताच्या शहीद द्वीपसाठी, मोकळा ठेवलाय. तुम्हाला पोहता येत नाही. पत्नी कॉलेजात असताना शिकल्या होत्या, पण आता सवय सुटलीय. मुलगी ११ वर्षांची आहे आणि ती चांगली पोहते. बरोबर ६४ वर्षांचे वडील आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. बुकिंग करणाऱ्याने सांगितलंय, "पोहता नाही आलं तरी चालतं, लाइफ जॅकेट देतात." हे खरं का, मास्क इथूनच विकत न्यावा का आणि कोणत्या किनाऱ्यावर उतरावं, असं तुम्ही विचारलंय.

मी नेरूळला गेली १९ वर्षं मोठ्या वयाच्या माणसांना पोहायला शिकवते. दर हिवाळ्यात एक छोटा गट घेऊन मालवणला किंवा अंदमानला जाते. त्या अनुभवावरून सांगते, मास्क आणि किनारा हे नंतरचे प्रश्न आहेत. चेहरा पाण्यात असताना तुम्हाला दहा मिनिटं शांतपणे, फक्त तोंडाने श्वास घेता येतो का, हा खरा प्रश्न आहे. ज्याला हे जमतं त्याला पोहणं कच्चं असूनही समुद्राचा आनंद घेता येतो. ज्याला जमत नाही तो चांगला पोहणारा असला तरी पाचव्या मिनिटाला बोटीची शिडी शोधू लागतो. हे दरवर्षी बघते.

म्हणून बुकिंगवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. लाइफ जॅकेट तुम्हाला बुडू देत नाही, पण घाबरण्यापासून वाचवत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या गटात कळव्याचे एक गृहस्थ होते. नील बेटावरच्या भरतपूर किनाऱ्यावर छातीइतक्या पाण्यात, जॅकेट घालून, पालथे तरंगत होते. मास्कच्या कडेने थोडंसं पाणी आत आलं आणि नाकात गेलं. त्यांनी मास्क ओढून काढला, त्या धडपडीत नळी तोंडातून निसटली, पाणी गिळलं गेलं आणि ते हातपाय झाडायला लागले. मी दोन हातांवर होते. कोपराला धरून त्यांना सरळ केलं, तेव्हा त्यांचे पाय वाळूला लागले. किनाऱ्यावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, उभं राहता येतं हे आठवलंच नाही." त्या दिवसापासून मी पालथ्या स्थितीतून उभं कसं राहायचं हे सगळ्यात आधी शिकवते, तरंगायला शिकवण्याच्याही आधी.

श्वासाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घाबरण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. आपण सहज श्वास घेतो तेव्हा साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. त्यातली दीडशे मिलिलिटरच्या आसपास हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसात कामाला येत नाही. स्नॉर्केलची नळी तोंडात धरली की या वाटेची लांबी वाढते. नळीत आणखी तेवढीच, कधी जास्तही, वापरलेली हवा साठते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. आता घाबरलेला माणूस काय करतो? भराभर, उथळ श्वास घेतो. म्हणजे तीच शिळी हवा नळीत वरखाली करत राहतो. ताजी हवा कमी पडते, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे आणखी गुदमरल्यासारखं वाटतं आणि श्वास आणखी भरभर होतो. नळी बिघडलेली नसते, पाणीही खोल नसतं, तरी माणसाला जीव जातोय असं वाटतं. यावर उपाय एकच: श्वास सावकाश आणि पूर्ण घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. मी शिकवताना मनात चारपर्यंत मोजत आत आणि सहापर्यंत मोजत बाहेर, असं सांगते. हे वाचून कळतं, पण अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. ते दोन-तीन आठवडे ऐरोलीत घालवा. बेटावरचा एकुलता एक मोकळा दिवस त्यात खर्च करू नका.

सुरुवात घरीच करता येते. एक साधी नळी घ्या, मास्क नको. मोठ्या टोपात किंवा बादलीत कोमट पाणी भरा, स्टुलावर बसा, नळी तोंडात धरा आणि चेहरा कपाळापर्यंत पाण्यात घाला. नाक उघडंच राहू द्या. पहिल्या वेळी नाकातून पाणी ओढलं जाईल असं वाटेल, एखादा ठसकाही लागेल. पण चार-पाच वेळा केल्यावर घसा आपोआप शिकतो की आता नाक बंद आणि तोंड चालू. रोज पाच मिनिटं केलंत तर साधारण आठवड्याभरात नाकाला पाणी लागलं तरी दचकायला होत नाही. मग समुद्रात मास्कमध्ये पाणी शिरलं तरी श्वास तुटत नाही. हा बादलीचा सराव पुष्कळांना पोरकट वाटतो आणि ते टाळतात. तुम्ही टाळू नका. मी तर म्हणेन पूर्ण कुटुंबाने करा, मुलीनेसुद्धा. तिला पोहता येतं, पण पोहताना नाकाने श्वास सोडायची सवय असते आणि इथे तीच सवय मोडायची असते.

दुसऱ्या आठवड्यापासून तरणतलाव. आधी तिथल्या प्रशिक्षकांना विचारून घ्या, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत काही तलावांवर मास्क-स्नॉर्केल चालत नाही. काचेचा मास्क गर्दीत दुसऱ्याला लागू शकतो म्हणून ते अडवतात आणि त्यांचं बरोबरच असतं. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी परवानगी मिळण्याची शक्यता जास्त. कमरेइतक्या पाण्यात उभे राहा, कठडा धरा, मास्क आणि नळी लावून चेहरा पाण्यात घाला आणि नुसता श्वास घ्या. पाय हलवायची घाई नको. हे स्थिर झालं की कठडा न सोडता पालथे तरंगा. मग तिथून उभं राहायचा सराव: गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबा, पाय आपोआप खाली येतात, ते टेकल्यावरच डोकं वर. डोकं आधी वर काढलंत तर पाय आणखी मागे जातात, आणि तुमच्यासारख्या न पोहणाऱ्यांची गडबड नेमकी इथेच होते. किमान पन्नास वेळा करा. मी मोजून करून घेते.

त्यानंतर दोन छोट्या युक्त्या शिकायच्या. नळीत पाणी आलं तर "फू" असा जोरात, एका दमात फुंकर मारून ते वर उडवायचं आणि पुढचा श्वास अगदी हळू घ्यायचा, म्हणजे नळीत थेंब उरले असले तर घशात जात नाहीत. मास्कमध्ये पाणी आलं तर डोकं किंचित वर करा, मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरा आणि नाकाने श्वास सोडा. हवा वर राहते आणि पाणी खालच्या कडेने बाहेर जातं. या दोन गोष्टी जमल्या की मास्क काढून टाकायची वेळच येत नाही. आणि शेवटी पाठीवर तरंगणं. दमलात, भीती वाटली, पोटरीत गोळा आला, काहीही झालं तरी उताणं व्हायचं, नाक-तोंड आकाशाकडे, जॅकेट खाली आहेच. मग ओरडता येतं, हात हलवता येतो.

एवढ्याला किती वेळ लागेल? ते माणसावर अवलंबून आहे. लहानपणी विहिरीत किंवा नदीत घाबरण्याचा प्रसंग आलेल्या माणसांना मी महिनाभर देते. तसं काही नसेल तर आठवड्याला दोनदा, पाऊण तास, असे तीन आठवडे पुरतात. फेब्रुवारीत जायचं असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. पोहणंही शिकायचं का? शिकलात तर उत्तमच, पण महिनाभरात घाईने शिकलेल्या फ्रीस्टाइलपेक्षा नीट पक्का झालेला श्वास समुद्रात जास्त उपयोगी पडतो. पोहणं परत आल्यावर सावकाश शिका.

तलावानंतर, अंदमानच्या आधी, एकदा खाऱ्या पाण्यात उतरता आलं तर फार फरक पडतो. आपली ठाण्याची खाडी त्यासाठी उपयोगाची नाही. तिथला गाळ आणि भरती-ओहोटीचा ओढा फ्लेमिंगोंना मानवतो, स्नॉर्केलिंगला नाही. पाण्यात हातभर पुढचं दिसत नाही. पण रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली की सकाळी कुडाळला उतरून मालवण गाठता येतं. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांमध्ये स्नॉर्केलिंग करवतात. अंदमानइतकं नितळ पाणी मिळेल अशी अपेक्षा नको, पण लाटेवर शरीर हलताना श्वास सांभाळायची सवय होते, आणि ती तलावात होत नाही. शनिवार-रविवारात जाऊन येता येतं. पावसाळ्यात मात्र तिथलं पाण्यातलं सगळं बंद असतं.

वडिलांबद्दल मी हात राखून लिहिणार आहे, कारण मी डॉक्टर नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. शरीर मानेपर्यंत पाण्यात गेलं की पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयावर काम वाढतं, फुप्फुसांवरही भार येतो. तरुण, निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. त्यात अरुंद नळीतून श्वास ओढायचा म्हटलं की छातीला आणखी जोर लावावा लागतो. म्हणून साठीपुढच्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने "समुद्रात जाऊ का?" असं मोघम विचारू नये. त्यांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: "पालथं तरंगून, नळीतून श्वास घेत, अर्धा तास पाण्यात राहायचं आहे. यांच्या हृदयाला ते झेपेल का?" उत्तर "हो" असेल तरी त्यांना बोटीवरून खोल पाण्यात उतरवू नका, किनाऱ्यालगत पाय टेकतील अशा ठिकाणीच ठेवा आणि दहा-दहा मिनिटांनी बाहेर आणा. उत्तर "नको" असेल तर भरतपूरला काचेच्या तळाची बोट असते. माझ्या गटातले ज्येष्ठ त्यातून प्रवाळ बघतात आणि खूश होऊन येतात. त्यांना आग्रह करू नका, आणि मुलांच्या आनंदासाठी म्हणून त्यांनीही उतरू नये. पाण्यात दम लागणं, छातीत जड वाटणं, खोकला येणं, यातलं काहीही कुणालाही झालं तर लगेच बाहेर. "अजून दोन मिनिटं" म्हणायचं नाही.

आता किनारा. नीलवर तुमच्यासाठी भरतपूर ठीक आहे. धक्क्याजवळ आहे, पाणी उथळ आहे आणि प्रवाळ किनाऱ्यापासून फार लांब नाही. लक्ष्मणपूर संध्याकाळी बघायला ठेवा, तिथली दगडी कमान ओहोटीला चालत जाऊन बघता येते. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, एलिफंट बीचवर सगळे जातात. तिथे प्रवाळ चांगलं आहे, पण गर्दीही असते आणि गर्दीत नवख्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्याचे पाय येतात. तुमचा मोकळा दिवस नीलवर आहे, तो तिथेच राहू द्या.

पण किनारा निवडण्यापेक्षा वेळ निवडणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि टूरवाल्याच्या वेळापत्रकात त्याचा विचार क्वचितच असतो. ते म्हणतात दहा वाजता, कारण त्यांना अकराला दुसरा गट असतो. समुद्र मात्र भरती-ओहोटीने चालतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, हे तोंडपाठ असतं. अंदमानला हे गणित लावू नका, तिथल्या भरतीची वेळ वेगळी आहे. पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचं, भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पण उधाण आणि भांग यांचा नियम तिथेही तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ओढ जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी शांत हलतं. तारीख तुमच्या हातात असेल तर बेटावरचा दिवस अष्टमीच्या आगेमागे येईल असं बघा. तारीख ठरलेली असेल तर वेळ हातात ठेवा. पूर्ण भरतीच्या दीड तास आधीपासून भरतीनंतरच्या तासाभरापर्यंत पाण्यात उतरायचं. तेव्हा प्रवाळावर पुरेसं पाणी असतं आणि बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं.

याचं कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका वर्षी आमची बोट दीड तास उशिरा आली. ओहोटी बरीच लागली होती, पण इतक्या लांबून आलेला गट नाराज होईल म्हणून मी सगळ्यांना पाण्यात उतरवलं. वीस मिनिटांत पाणी इतकं उतरलं की पोटाखाली प्रवाळ लागायला लागलं. परत यायला वाटच उरली नाही. चौघांचे गुडघे आणि पोटऱ्या खरचटल्या. प्रवाळाची जखम दिसते लहान, पण तिच्यात प्रवाळाचे बारीक कण अडकतात आणि ती आठवडाभर चिघळते. त्याहून मला लागून राहिलंय ते हे, की उभं राहायच्या धडपडीत आमच्या पायाखाली फांदीसारखं प्रवाळ मोडलं. तो आवाज पाण्यातही ऐकू आला. गोल, दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. डोक्याएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या मुलीपेक्षा वयाने मोठा असण्याची शक्यता आहे. तेव्हापासून वेळ टळली की मी गटाला किनाऱ्यावर बसवते, मग कुणी कितीही कुरकुर करो.

अंदमानचं प्रवाळ आधीच मार खाल्लेलं आहे. २०१० सालच्या उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा अंदमानचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जरी काही आठवडे तापलेलं राहिलं तरी प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं. त्या शैवालावरच त्याचं पोट आणि रंग दोन्ही अवलंबून असतात. जे सावरलंय त्यावर आपण पाय देऊ नये. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलून आणू नका. मुलीला हे आधीच सांगा, नाहीतर खिशात एखादा येतोच. माशांना ब्रेड टाकणाऱ्या बोटवाल्यालाही नको म्हणा.

सामानाचं पटकन सांगते. मास्क इथूनच घ्या, कारण तुमच्या चेहऱ्याला बसणारा मास्क भाड्याच्या ढिगात मिळेलच असं नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच हवा ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. तुम्हाला मिशी असेल तर नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी साफ करा, नाहीतर तिथूनच पाणी येतं. कडक केलेली काच असू द्या, प्लास्टिक नको. नव्या मास्कच्या काचेला आतून साधी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवा, म्हणजे कारखान्यातला तेलकट थर जातो आणि वाफ कमी धरते. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका, कितीही सोपा वाटला तरी. त्यात हवेची रिकामी जागा जास्त असते, घाबरल्यावर नळी थुंकून टाकता येते तसा तो टाकता येत नाही, आणि वर सांगितलेल्या युक्त्या त्यात चालत नाहीत. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, चौकशी करा. फिन्स, म्हणजे पायात घालायचे पंखे, तुम्ही घालूच नका. सवय नसताना त्यांनी प्रवाळही मोडतं आणि पोटऱ्याही दुखतात. जॅकेट मात्र तिथलंच घ्यावं लागेल. ते घट्ट बसतं का बघा. खांद्यांना धरून कुणीतरी वर ओढावं; ते कानापर्यंत आलं तर पाण्यातही तेच होणार. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा, आणि मुलीसाठी तिच्याच मापाचं.

अंगभर बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लांब चड्डी घाला. पाठ वर करून तासभर तरंगलं की मानेची आणि पोटऱ्यांची कातडी भाजते, आणि पाण्याच्या गारव्यात ते कळतही नाही. कपड्याने अंग झाकलं की सनस्क्रीनही कमी लागतं. त्यातल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या दोन रसायनांमुळे प्रवाळाला धोका आहे म्हणून हवाईत २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. चेहऱ्याला लावायचं असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या.

मगरींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायलाच हवं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकवर राधानगरजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. असे प्रसंग विरळा आहेत, घाबरून बेत रद्द करायचं कारण नाही. पण इशाऱ्याचा फलक असेल तिथे, खारफुटीच्या खाड्यांच्या तोंडाशी आणि उजाडताना किंवा अंधार पडताना पाण्यात उतरायचं नाही. जीवरक्षक नको म्हणाले तर वाद घालायचा नाही.

मग तुमचा दिवस साधारण कसा जाईल? अंदमान आपल्यापेक्षा पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य ठाण्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही आधी. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणून दिवस लवकर सुरू करा. आदल्या रात्रीच नीलवर मुक्कामाला असा. त्याच दिवशी फेरीबोटीतून उतरून, मळमळत्या पोटाने पाण्यात जायचं नाही. नाश्ता हलका, इडली किंवा पोहे, आणि भरपूर पाणी. किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. पाणी नितळ आहे का, लाटांवर पांढरा फेस आहे का, आधी उतरलेली माणसं कुठल्या बाजूला वाहतायत? वारा असेल, पाणी गढूळ असेल किंवा तुमच्यापैकी कुणाला सर्दीने कान दडे बसले असतील तर सरळ नाही म्हणायचं. दुपारी पुन्हा बघायचं. पहिली पाच मिनिटं कमरेइतक्या पाण्यात, तलावात केलं होतं तसं. मग गाइडबरोबर पुढे. एका वेळी अर्धा तास पुरे, मग बाहेर, पाणी प्या, थोडं खा, पुन्हा अर्धा तास. पाणी उबदार वाटलं तरी ते हवेपेक्षा कितीतरी पटींनी भराभर अंगातली ऊब ओढून घेतं. ओठ निळसर झाले, मुलगी कुडकुडली, की त्या दिवसापुरतं झालं.

जोड्या ठरवा. तुम्ही गाइडबरोबर, पत्नी मुलीबरोबर. मुलगी तुमच्या सगळ्यांपेक्षा भराभर जाईल आणि खाली बघत बघत लांब निघेल. तिला सांगा, दर दहा श्वासांनी डोकं वर काढून आई कुठे आहे ते बघायचं. डोक्यावर हात ठेवला की "ठीक आहे", हात हलवला की "इकडे या". पत्नीला हेही सांगून ठेवा की बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, तो गप्प होतो. पालथं तरंगणारं माणूस शांत दिसतंय म्हणजे ठीक आहे असं धरायचं नाही, दंडाला हात लावून विचारायचं.

आणि मग बघा. मास्कमधून सगळं जवळ आणि मोठं दिसतं, म्हणून हात पुढे करायचा मोह होतो. तो आवरा. एका जागी स्थिर तरंगा, म्हणजे दोन-तीन मिनिटांत मासे तुम्हाला विसरतात. पोपटमासा प्रवाळ चावतो त्याचा कुरकुर असा आवाज येईल. तो प्रवाळाचा चुना पोटातून बारीक करून बाहेर टाकतो, तुमच्या पायाखालची पांढरी वाळू बरीचशी त्यातूनच आलेली असते. समुद्रफुलाच्या दांड्यांमध्ये नारिंगी-पांढरे क्लाउनफिश असतील. त्या घरातली सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि ती गेली की तिचा नर काही काळाने मादी होतो. हे मुलीला आधी सांगून ठेवलंत तर ती त्यातली मोठी शोधत बसेल आणि तुम्हाला सोडून लांब जाणार नाही. मी मुलांच्या बाबतीत हा उपाय मुद्दाम वापरते.

थोडक्यात, तुमच्यासाठी माझा क्रम असा: आजपासून बादली, जानेवारीपासून तलाव, जमलं तर एक मालवणची फेरी, वडिलांसाठी डॉक्टरांचं स्पष्ट उत्तर, आणि टूरवाल्याशी वेळ ठरवण्याआधी भरतीचं कोष्टक. तिथे कुणी त्याच दिवशी "थोडं स्कूबाही (पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर खोल पाण्यात उतरणं) करून घ्या" म्हणालं तर परतीच्या विमानाआधी किमान १८ तास मोकळे आहेत का ते बघा. नुसत्या स्नॉर्केलिंगनंतर विमानाला काही अडचण नाही.

तुमची बेटावरची तारीख इथे लिहा, म्हणजे त्या दिवसाची तिथी बघून उधाण आहे की भांग ते सांगते. आणि आठवडाभर बादलीचा सराव केल्यावर नाकातून अजून पाणी ओढलं जातंय का तेही कळवा. जात असेल तर तलावात उतरायच्या आधी काय बदलायचं ते सांगेन.